ओळख, सवय आणि वामन गुरुजी

आमच्या धंद्यात समाधानी गिऱ्हाईक तोंड लपवतं. डॉक्टरने बरा केलेला पेशंट चार जणांना दवाखान्याचा पत्ता देतो. येवल्याहून चांगली पैठणी आणली तर बाई लग्नभर त्या दुकानाचं नाव सांगत हिंडते. पण इंग्रजी बोलायच्या क्लासला जाऊन ज्याचं इंग्रजी सुधारलं, तो जन्मात कबूल करणार नाही की मी अमक्या मॅडमकडे शिकलो. ते केसांच्या कलपासारखं आहे. चांगला बसला, तर तो लावलाच नाही असं दिसायला हवं. बिघडला, तर मात्र लोक विचारतात, कुठून लावून घेतला हो?

मी इंदिरानगरात असा क्लास चालवते. आता बॅचेस कमी केल्यात, पण गाळा तोच आहे. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. माझ्या शिकवण्यामुळे नोकरीला लागलेली, बढती मिळालेली, परदेशी गेलेली माणसं या शहरात पावलोपावली आहेत आणि त्यातली निम्मी मला बघून रस्ता बदलतात. एकदा एका लग्नाच्या लॉन्सवर असाच एक माझा जुना विद्यार्थी भेटला. आता मोठ्या कंपनीत साहेब आहे. बरोबर त्याच्या हाताखालची माणसं होती. मी हाक मारली. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, ‘‘सॉरी, आय डोन्ट थिंक आय अ‍ॅम फॅमिलियर विथ यू.’’ म्हणजे, आपली ओळख नसावी. माझा राग सगळ्या इंदिरानगरला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी नुसती उभी राहिले. वाक्य बिनचूक होतं. उच्चारही चोख. ते मीच त्याच्याकडून घोटून घेतलं होतं.

तो सल अजून आहे आणि तो असू द्यावा असं मला वाटतं. सल असला की माणूस कामाला लागतो.

माझ्याकडे पदवी नाही. माझी आई मखमलाबादकडच्या आमच्या तुकड्यातली भाजी घेऊन बुधवारच्या बाजाराला गंगेवर बसायची. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. आईच्या टोपलीशेजारी बसून मी बोलायला शिकले. घासाघीस हे माझं पहिलं व्याकरण. नंतर अंबडच्या एका कारखान्यात टेलिफोन बोर्डावर बसले आणि साहेबांची बोलणी ऐकून ऐकून इंग्रजी शिकले. दुसऱ्याचा फोन ऐकू नये म्हणतात. पण मी ऐकला नसता तर आज हे लिहायला बसले नसते.

क्लास म्हणजे काय असतं हे बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून थोडं सांगते. लोकांना वाटतं, आम्ही शब्द शिकवतो. शब्द फोनवरही मिळतात. आम्ही भीड मोडतो. माणसाला इंग्रजी येत असतं, पण समोर कुणी आलं की ते घशात बसतं. म्हणून मी पहिला आठवडा फक्त एका गोष्टीवर घालवते: तुम्हाला काय काय सरावाचं आहे, ते सांगा. इंग्रजीत त्यासाठी बरीच वाक्यं आहेत आणि मी त्यांची उतरंड लावलेली आहे. सगळ्यात खाली नुसती ओळख, म्हणजे ‘फॅमिलियर’. नाशिकचे रस्ते मला माहीत आहेत, एवढंच. त्याच्या वर सवय, म्हणजे ‘युज्ड टु’. ती अंगाला होते, डोक्याला नाही. पहाटेची थंडी, कारखान्याचा भोंगा, सासूचं बोलणं. त्याच्या वर अंगवळणी, ‘सेकंड नेचर’. हात आपोआप चालतो, जसा माझ्या आईचा जुडी बांधताना चालायचा. आणि सगळ्यात वर ‘अ‍ॅट होम’. म्हणजे तिथे तुम्ही पाहुणे नाही, घरचे आहात. पाय पसरून बसलात तरी चालेल.

हे बोलताना माणूस स्वतःच्या जगातलं बोलतो, म्हणून घाबरत नाही. आणि महिन्याच्या शेवटी परीक्षा कसली, तर घासाघीस. विद्यार्थ्याने म्हणायचं, मी इंग्रजीत आता ‘अ‍ॅट होम’ आहे. मी म्हणायचं, छे, नुसता ‘फॅमिलियर’. मग इंग्रजीत भांडायचं. तो मला जितकं वर चढवेल तितकी त्याची पायरी. जो चांगला भांडतो तो पास.

या परीक्षेत काय काय नमुने आले. निफाडचे एक द्राक्षबागायतदार आले होते, पांढरी टोपी, हातात गाडीची किल्ली. म्हणाले, ‘‘मॅडम, मला लय इंग्रजी नको. द्राक्षापुरतं द्या.’’

मी म्हटलं, ‘‘दादा, तुम्ही द्राक्षं घडाने देता का मणीमणी तोडून?’’

‘‘घडानंच देतो ना.’’

‘‘मग मीपण घडानेच देते.’’

ते हसले आणि बसले. महिन्याअखेर त्यांनी मला असं घोळात घेतलं की मी त्यांना सरळ ‘अ‍ॅट होम’ देऊन टाकलं. शेतमाल विकणाऱ्याशी मी पैज लावत नाही.

दुसरे एक बँकेतले. घरी सांगून यायचे की फिरायला चाललोय, म्हणून पायात नेहमी पांढरे बूट. त्यांची बायको माझ्या दुपारच्या बॅचला होती; ती घरी सांगायची की भिशी आहे. मी दोघांना एकमेकांचं सांगितलं नाही. हा धंद्याचा धर्म. पण एक दिवस ती क्लासमध्ये म्हणाली, ‘‘आय अ‍ॅम युज्ड टु माय हजबंड, बट ही इज नॉट फॅमिलियर विथ मी.’’ मला नवऱ्याची सवय आहे, पण त्याची माझ्याशी ओळख नाही. मी तिला लगेच वरची पायरी दिली. अशी वाक्यं शिकवता येत नाहीत.

आता वामन गुरुजींचं.

गुरुजी रामकुंडावर विधी करतात. अस्थी, पिंडदान, श्राद्ध. त्यांचे वडील, आजोबा तेच करत. वय माझ्याच आसपासचं. दुपारी, क्लास रिकामा असताना आले आणि चपला दाराबाहेर न काढता हातात घेऊन आत आले. मी बघतच राहिले.

‘‘रागावू नका,’’ ते म्हणाले, ‘‘या भागात आमचे यजमान बरेच आहेत. बाहेर चपला दिसल्या की ओळखतील. म्हणतील, गुरुजींना या वयात हे काय सुचलं.’’

झालं, म्हटलं. आणखी एक कलपवाला.

त्यांचं काम असं होतं. त्यांचे एक जुने यजमान, श्रीकांत नावाचे, परदेशी स्थायिक झालेले, तिकडेच वारले. त्यांची मुलगी मीरा अस्थी घेऊन नाशिकला येणार होती. तिला मराठी येत नाही. तिने गुरुजींना फोन केला होता.

‘‘ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘आय वाँट टु अंडरस्टँड. मला समजून घ्यायचंय. मी नुसतं येस येस म्हणालो. आता ती ज्या हॉटेलात उतरणार, त्यांनी तिला सांगितलंय की आमच्याकडे इंग्रजी बोलणारे गुरुजी आहेत, सगळी व्यवस्था करतो. ती म्हणाली, बघते. मॅडम, तिने हा विधी माझ्याकडूनच करून घ्यावा आणि तिला तो कळावा. दोन महिने आहेत. होईल?’’

मला वाटलं, मी पुरतं ओळखलं. पिढ्यान् पिढ्यांचं गिऱ्हाईक हातचं जातंय. बाजारात आईचं नेहमीचं गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीकडे वळलं की आईच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला माहीत आहे. धंद्याची गोष्ट होती, मी धंद्याच्या आवाजात बोलले. ‘‘होईल. फीचं काय?’’

‘‘दक्षिणा आपली इच्छा,’’ त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मी खूप हसले. हा डाव जगातला सगळ्यात पक्का डाव आहे. समोरचा लाजून जास्तच देतो. पण इथे देणारे तेच होते आणि इच्छा माझी! गुरुजींनी जीभ चावली. मग मात्र असे घासाघिशीला बसले की गिरणीवाला पीठ दळायचं थांबवून ऐकायला आला. मी जिंकले, पण थोडक्यात.

पुढच्या आठवड्यात मला कळलं की माझ्यापुढे काय वाढून ठेवलंय. मी दिलेला धडा गुरुजींना दुसऱ्या दिवशी तोंडपाठ. त्याच्या पुढचाही. मी दहा वाक्यं दिली की ते वीस पाठ करून येणार. आणि म्हणणार कसं, तर सुरात. ‘‘आय अ‍ॅम फॅमिलियर विथ धिस सिटी,’’ इथे आवाज खाली. ‘‘आय अ‍ॅम युज्ड टु द कोल्ड वॉटर,’’ इथे वर. उजवा हात मांडीवर स्वरांबरोबर हलतोय. डोळे मिटलेले. मला एकदम वाटलं आता प्रसाद मिळणार.

विधी समजावून सांगायचा सगळा मजकूर मी त्यांना लिहून दिला. त्यांनी तो तीन दिवसांत गिळला. पण मध्ये एक साधा प्रश्न विचारला, की हे थांबत. ओठ हलत. आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू.

‘‘अहो, मागे कशाला जाता?’’

‘‘मध्ये तुटलं की पहिल्यापासून म्हणावं लागतं, मॅडम. लहानपणापासून तीच शिस्त आहे. नाहीतर वडील पाठीत धपाटा घालायचे.’’

‘‘ती मुलगी मध्येच विचारणार. दर वाक्याला विचारणार. परदेशातली मुलं गप्प बसत नाहीत.’’

‘‘तिला आधी सांगू, शेवटी विचार म्हणून.’’

‘‘बापाच्या अस्थी हातात घेतलेल्या पोरीला तुम्ही सांगणार, शंका शेवटी विचार?’’

मग मी त्यांचा मजकूर तोडायला लागले. ते म्हणायला लागले की मी मध्येच ओरडायची: व्हॉट इज दॅट? व्हाय थ्री टाइम्स? कॅन आय सिट? ते मागे जायचे. मी पुन्हा तोडायची. ते पुन्हा पहिल्यापासून. असे किती दिवस गेले असतील, एक दिवस माझं डोकं फिरलं. हातातला डस्टर मी फळ्यावर आपटला आणि म्हटलं, ‘‘गुरुजी, तुमचं इंग्रजी सोवळ्यात आहे! त्याला कुणी शिवायचं नाही, कुणी बोलायचं नाही!’’

गुरुजी ताडकन उभे राहिले. कान लाल. ‘‘आणि तुमचं बाजारात बसलंय!’’

‘‘हो, बसलंय. म्हणून खपतं!’’

ते चपला हातात घेऊन निघून गेले. गिरणीवाल्याने दारातून डोकावून विचारलं, ‘‘मॅडम, गेले का?’’ मी म्हटलं, ‘‘जाऊ दे.’’ पण त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. बोलले ते खरं होतं, पण सगळं खरं बोलायचं नसतं, विशेषतः निम्मे दिवस हातात असताना.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ते हजर. खुर्चीवर बसले, उपरणं सारखं केलं आणि विचारलं, ‘‘काल आपण कुठे होतो?’’

‘‘भांडणात.’’

‘‘मग तिथूनच सुरू करू. पण इंग्रजीत.’’

आणि आम्ही इंग्रजीत भांडलो. काय भांडलो! त्यांच्याकडे क्रियापदं नव्हती, पण राग होता आणि राग मागे जात नाही, पुढेच जातो. ‘‘यू शाउट! ऑल टाइम शाउट! माय फादर ऑल्सो शाउट, बट ही गिव्ह लाडू आफ्टर!’’ मी म्हटलं, ‘‘आय अ‍ॅम युज्ड टु शाउटिंग!’’ ते म्हणाले, ‘‘बट आय अ‍ॅम नॉट!’’ आणि दोघेही हसायला लागलो. त्या दिवशी ते पहिल्यांदा इंग्रजी बोलले. त्याआधी ते म्हणत होते.

इथून गाडी रुळावर आली. तरीही खबरदारी म्हणून एक उत्तर मी त्यांच्याकडून असं घोटून घेतलं की झोपेतही यावं. परक्या माणसाला आपल्या कामाबद्दल ठरलेलेच प्रश्न पडतात. तुम्ही रोज इतक्या पहाटे उठता? पाणी गार नाही लागत? एवढ्या गर्दीत कसं काय करता? सगळ्यांना एकच उत्तर: ‘‘आय अ‍ॅम युज्ड टु इट.’’ मला सवय आहे. छोटं आहे, नम्र आहे, कुठेही बसतं. माझ्या विद्यार्थ्यांनी मुलाखतींमध्ये हे वाक्य इतकं वापरलंय की अंबडच्या कंपन्यांमध्ये साहेब लोक ते ऐकून मनात हसत असतील. गुरुजी ते लाह्यांसारखं उधळायला लागले. मी विचारायची, चहा गोड झालाय का? ‘‘आय अ‍ॅम युज्ड टु इट.’’

मीरा यायच्या आदल्या दिवशी गुरुजी म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही उद्या घाटावर या. तुम्ही दिसलात की धीर राहील. पण जरा लांब बसा.’’

‘‘का?’’

‘‘नाही, आमची बाकीची मंडळी असतात तिथे. कुणी विचारलं तर यजमान आहे म्हणा.’’

‘‘मी कुणाची यजमान? माझं काय काम तिथे? दोन महिने घसा मी फोडला आणि घाटावर मी तुमची ओळखही दाखवायची नाही?’’

‘‘तसं नाही हो.’’

‘‘तसंच आहे!’’ मी त्यांना घालवून दिलं. येणार नाही असंही सांगितलं.

सकाळी रिक्षा करून गेले. स्वतःवरच चिडत गेले. कुंभाच्या कामांमुळे रस्ता इतका खणलेला की रिक्षावाल्याने मला अलीकडेच सोडलं. मी पायऱ्यांवर, एका फुलवाल्या मावशींच्या शेजारी जागा धरली. तिथून गुरुजी नीट दिसत होते आणि ऐकूही येत होते. पाण्याच्या कडेला पाट, ताम्हन, दर्भ मांडून बसले होते. त्यांच्या आजूबाजूला बाकीचे गुरुजी आपापल्या यजमानांना घेऊन बसलेले.

मीरा आली. साधा पांढरा कुर्ता, केस बांधलेले, हातात लाल कापड बांधलेला कलश. तिच्या मागे हॉटेलचा माणूस आणि एक तरुण गुरुजी, कानात फोनचं यंत्र, अगदी तयारीत. ते दोघे जरा बाजूला उभे राहिले, गेले नाहीत. म्हणजे गुरुजींना हे जमलं नाही तर लगेच ते. मला ते उभं राहणं चांगलं ओळखता येतं. बाजारात शेजारची टोपलीवाली असंच उभी राहते.

गुरुजींनी सुरुवात केली. पाठ केलेला मजकूर खळखळून निघाला. मुलगी ऐकत होती. संकल्प झाला. तिच्या हातावर त्यांनी पाणी सोडलं, तीळ ठेवले. आणि व्हायचं तेच झालं. तिने मध्येच विचारलं, ‘‘व्हाय सेसमी?’’ तीळ कशासाठी?

गुरुजी थांबले. त्यांचे ओठ हलायला लागले. मला इथून दिसत होतं, ते मागे चालले होते, पहिल्या वाक्याकडे. तो तरुण गुरुजी एक पाऊल पुढे आला. मी पदर मुठीत धरला.

गुरुजींचे ओठ मिटले. त्यांनी तळहातावर चार तीळ घेतले, तिच्यासमोर धरले. ‘‘स्मॉल,’’ ते म्हणाले. ‘‘व्हेरी स्मॉल. बट लाँग टाइम, नो स्पॉइल. सो, फॉर फादर.’’ लहान असतात, पण फार दिवस टिकतात, नासत नाहीत. म्हणून वडिलांसाठी.

मजकुरात हे नव्हतं. मीराने मान हलवली आणि तीळ स्वतःहून मुठीत धरले. हॉटेलच्या माणसाने घड्याळ बघितलं.

मग ती विचारत गेली आणि ते सांगत गेले. मोडकंतोडकं, हाताने दाखवत, पण पुढे पुढे. शेवटी ती दोन पायऱ्या पाण्यात उतरली. गार पाण्याने तिचे खांदे आक्रसले. तिने कलश उघडला, गुरुजी मंत्र म्हणत होते, आणि अस्थी पाण्यात गेल्या. शेजारी दुसऱ्या कुणाचा विधी चालला होता, पलीकडे तिसऱ्याचा. कुणी रडत होतं, कुणी चहा मागवत होतं. तिने हे सगळं बघितलं आणि वळून गुरुजींना म्हणाली, ‘‘गुरुजी, डू यू गेट युज्ड टु धिस?’’

तुम्हाला याची सवय होते का?

मी सुटकेचा श्वास सोडला. एवढा सोपा प्रश्न! झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर तयार. मी मनातल्या मनात ते म्हटलंसुद्धा.

गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. ताम्हनातलं पाणी उगाच ढवळलं. मला वाटलं, विसरले! इतकं घोटलं आणि नेमकं तेच विसरले.

‘‘अदर पीपल, येस,’’ ते म्हणाले. ‘‘आय अ‍ॅम युज्ड टु. माय वर्क.’’ मग मान हलवली. ‘‘युवर फादर, नो.’’

तिने रिकामा कलश छातीशी धरला.

‘‘ही अँड मी, सेम एज. मे मंथ, ही कम हिअर, ग्रँडफादर हाऊस. एव्हरी डे टुगेदर. धिस वॉटर.’’ त्यांनी पलीकडच्या उंच कठड्याकडे बोट दाखवलं. ‘‘फ्रॉम देअर ही...’’ आणि हात वर नेऊन पाण्यात खुपसल्यासारखा खाली आणला. शब्द सापडेना. पुन्हा हात वर, पुन्हा खाली.

तेव्हा मला कळलं की दोन महिने मी गिऱ्हाईक टिकवायला शिकवत होते आणि ते मित्राला पोचवायला शिकत होते. त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. श्रीकांत या नावाच्या मागे पुढे मी फक्त यजमान ऐकलं होतं.

आणि तेवढ्यात गुरुजी उठून उभे राहिले, पायऱ्यांकडे वळले आणि भर घाटावर, सगळ्या मंडळींदेखत, विधी सांगणाऱ्या खणखणीत आवाजात ओरडले, ‘‘मॅडम! सूर मारणे, याला इंग्रजीत काय म्हणतात?’’

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. फुलवाल्या मावशी म्हणाल्या, ‘‘अगं बाई, तुम्हालाच इचारताय का ते?’’

इतकी वर्षं शिकवते आहे, पण शब्द पटकन आठवला नाही. मग मीही आईच्या आवाजात ओरडले, ‘‘डाइव्ह!’’

‘‘डाइव्ह!’’ गुरुजी मीराकडे वळले. ‘‘फ्रॉम देअर, ही डाइव्ह! आय अफ्रेड. ही नॉट अफ्रेड. माय फादर शाउट, युवर ग्रँडफादर शाउट. ही डाइव्ह अगेन!’’

ती हसली. डोळे वाहत होते, आणि ती हसत होती. पाण्यातून बाहेर येऊन ती सरळ गुरुजींच्या पाटाशेजारी ओल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘‘टेल मी मोअर.’’ आणखी सांगा. हॉटेलचा माणूस आणि तो तरुण गुरुजी केव्हा निघून गेले, मला दिसलं नाही.

‘‘मॅडम, खोडी काढणे?’’ गुरुजी तिथून ओरडले.

‘‘प्ले अ ट्रिक!’’

‘‘आणि पैज?’’

‘‘बेट!’’

‘‘मॅडम, दम लागणे?’’

असं ओरडून किती वेळ चालणार? पलीकडचे यजमान विधी सोडून आमच्याकडे बघत होते. मी उठले, साडी सावरली, पायऱ्या उतरले आणि त्या दोघांच्या जवळ जाऊन बसले. शेजारच्या पाटावरच्या एका वयस्कर गुरुजींनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, ‘‘वामनराव, या कोण?’’

मी गुरुजींकडे बघितलं नाही. ताम्हनाकडे बघत बसले.

‘‘माझ्या मास्तरीणबाई,’’ वामन गुरुजी म्हणाले. ‘‘इंग्रजी शिकतोय मी यांच्याकडे.’’ एवढं बोलून त्यांनी त्या गृहस्थांकडे पाठ केली, कारण मीरा थांबली होती. ‘‘हं, मॅडम, हट्टीला काय म्हणायचं?’’

‘‘स्टबर्न.’’

‘‘स्टबर्न,’’ ते मुलीला म्हणाले. ‘‘युवर फादर, व्हेरी, व्हेरी स्टबर्न.’’